दामूकाकांची लाज

दामूकाकांच्या कारखान्यात कोणी नवीन माणूस आला की ते आधी गणपती दाखवत नसत, भिंत दाखवत. विटांवर मूठ आपटून म्हणत, "वाजव बघू. आहे कुठे पोकळ?" तलासरीच्या अलीकडे एका पाड्यावर त्यांचं घर होतं आणि घराला लागून मूर्तींचा कारखाना. पाड्यावरच्या भिंती सगळ्या कुडाच्या, कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणमातीनं लिंपलेल्या. दामूकाकांनी आपला कूड काढून पक्की भिंत घातली, तीही गवंडी न लावता, स्वतःच्या हातांनी. मी जवळच्याच शाळेत शिकवत होतो आणि डहाणूच्या मसोलीत राहत होतो. आमच्या घरचा गणपती त्यांच्याकडूनच यायचा. ती भिंत मीही वाजवून पाहिली होती.

माणूस बोलका. मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरत आणि परत कधी आले ते कळत नसे. "माती कोणाच्या बापाचं ऐकत नाही, माझं ऐकते," हे त्यांचं पालुपद. ते खोटंही नव्हतं. शाडूच्या गोळ्यातून सोंडेचं वळण ते गप्पा मारता मारता काढत. डोळ्यांना मात्र हात लावत नसत. आखणी जमनाकाकीची, म्हणजे त्यांच्या बायकोची. ती बारीक ब्रश घेऊन मूर्तीसमोर बसली की काका आपणहून बोलायचे थांबत. अच्छाडच्या ढाब्यांपासून घोलवडच्या वाड्यांपर्यंत लोक म्हणत, यांचा गणपती आपल्याकडे बघतो. काका ते ऐकून घेत आणि पुन्हा भिंतीचं काढत.

२०१८ साली दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. एकदा हलून थांबली असती तर लोक विसरले असते. पण खालून गडगड आवाज यायचा, भांडी वाजायची, आणि हे आठवड्यामागून आठवडे चाललं. आम्ही मुलांना झाडाखाली बसवून शिकवू लागलो. पाड्यावरची माणसं ऐन थंडीत ताडपत्रीखाली झोपू लागली. दामूकाका तेवढे घरातच झोपत. कोणी विचारलं तर म्हणत, "धरती कूस बदलते. बदलू दे ना."

माघी गणपतीचं काम आलं तेव्हा काकी म्हणाली, मूर्ती अंगणात घेऊ, मी बाहेर बसून आखते. मी त्या दिवशी तिथेच होतो, आणखी चार गिऱ्हाईकंही होती. काकांनी सगळ्यांकडे बघत म्हटलं, "हिला भिंतीचा भरोसा नाही. चाळीस वर्षं नवऱ्याचा तरी होता की नाही, विचारा." सगळे हसले. काकी ब्रश घेऊन आत जाऊन बसली.

दोन दिवसांनी भर दुपारी जोराचा धक्का बसला आणि ती भिंत आतल्या बाजूला आली. काका तेव्हा अंगणात माती मळत होते. त्यांना खरचटलंही नाही. काकीचा उजवा हात विटांखाली सापडला. डहाणूला नेलं, जीव वाचला, पण मनगटाचा चुरा झाला होता. प्लास्टर निघाल्यावर कळलं की दोन बोटं आता वळणार नाहीत.

त्यानंतरचे दामूकाका मला ओळखू येईनात. त्या दिवशी हसलेल्यांपैकी कोणी समोरून आलं तर ते बांधावरून उतरून शेतातून जात. विटा लोकांनी मागितल्या, चांगल्या होत्या, पण त्यांनी दिल्या नाहीत. "ह्या कोणाच्या घराला नको," एवढंच म्हणाले आणि पाटीपाटीनं एकटेच ओढ्यात टाकत राहिले. सकाळी ते काकीची वेणी घालून देत. सोंड वळवणाऱ्या त्या हातांना तीन पेड नीट जमत नसत. काकी पाठमोरी असे, तरी त्यांची नजर खालीच.

होळीनंतर कारखाना पुन्हा उभा करायचा ठरला. मेहुणे म्हणाले लोखंडी खांब घालू, पत्रा मारू. काका सगळ्यांचं ऐकून घेऊन काकीपुढे जाऊन उभे राहिले आणि कसा बांधू, असं त्यांनी तिला विचारलं. काकी म्हणाली, "कूड घाला. आणि दारं दोन्हीकडे. उठलं की माणूस बाहेर पाहिजे." तसंच बांधलं. कारव्या काकांनीच आणल्या, लिंपायला पाड्यावरच्या बायका आल्या. काकी डाव्या हातानं लिंपत होती.

त्या वर्षी भाद्रपदाच्या गणपतींचे डोळे काकांनी काढले. एक वर, एक खाली. तरी जुनी गिऱ्हाईकं आली. प्रत्येकाला काका न विचारता सांगत, "भिंत पडली नाही, मी पाडली. ही नको म्हणत होती, मी हिला हसलो." मी मूर्ती घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मलाही तेच सांगायला घेतलं, जणू मी तिथे नव्हतोच.

काकी आतून आली. आवाज चढवला नाही. "तेव्हा चारचौघांत मला हसलात. आता चारचौघांत रडता. दोन्ही वेळा मला विचारलं नाही. हात माझा आहे. सांगायचं तर मी सांगीन."

काकांच्या हातात माझी मूर्ती होती. त्यांनी ती हळूच पाटावर ठेवली. त्यानंतर ते त्या दुपारबद्दल कधी बोललेलं मी ऐकलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणत, "तिला विचारा."

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो होतो. एक नवीन गिऱ्हाईक काकीच्या बोटांकडे बघत होतं. त्यानं विचारलं, काय झालं? काकी म्हणाली, "भूकंप झाला. भिंत पडली." आणि त्याला मूर्तीची उंची विचारू लागली.

दामूकाका कोपऱ्यात माती मळत होते. ते थांबले, पण मान वर केली नाही. मग मातीवर थोडं पाणी शिंपडून पुन्हा मळू लागले.