बाईचं बिननावाचं रोप

फोन आला तेव्हा मी मेडशीच्या घरी, अंगणात रोपाले पाणी टाकत होतो. वाशीमच्या दवाखान्यातून बाईनंच मले धाडलं होतं. कपडे आणा म्हणाली, अन् आधी रोप पाहा. फोनवर पोरगी रडून राह्यली होती... बाई गेली, अन् मी तिच्याजवळ बसाचं सोडून इथं तांब्या घेऊन उभा.

बाई म्हणजे माही बायको. शाळेत विज्ञान शिकवे, म्हणून सारं गाव तिले बाई म्हणे, अन् मीबी. मी चौथी शिकलेला. सुट्टीच्या दिवशी आमी माळावर फिरो. ती रानातल्या झाडायची शास्त्रातली नावं सांगे. तरोटा म्हणजे सेन्ना टोरा, आघाडा म्हणजे अकायरँथिस ॲस्पेरा. मी म्हणून दाखवलं की हसे. "लॅटिन येते तुमाले, अन् माह्या भावायची नावं याद राहत नाहीत."

कुळं तिनं मले माह्याच वावरातून शिकवली. तूर, सोयाबीन, तरोटा एका घरचे, फॅबेसी. कपाशी, भेंडी, अंबाडी दुसऱ्या घरची, माल्व्हेसी. पानं फसवतात म्हणे, फूल उघडून पाहा.

हे रोप तिनं किन्हीराजाकडच्या माळावरून आणून डब्यात लावलं. ओळखीचं नव्हतं. अंदाज सांग म्हटलं तर नाही, फूल येईपर्यंत नाव घ्याचं नाही, हा तिचा कायदा. दवाखान्यातबी तिनं फुलाचंच इचारलं. "फुलावर आलं का हो?"

कळी दिसून राह्यली, म्हटलं.

"मंग घरी आली की सांगीन."

तेरवीच्या आधी साळी, बाईची बहीण, अंगण साफ कराले लागली. "भाऊजी, हे तण काहून ठेवलं?" हात लावू नको म्हटलं. तिले वाईट वाटलं. वाटू दे.

मागच्या आठवड्यात फूल आलं. पोरगी म्हणते, बाबा, फोटो पाठवा, फोनात नाव निघते. निघत असंल. मले बाईच्या तोंडून पायजे होतं.

खाली बसलो. एक फूल तोडून, ती उघडे तसं नखानं उघडलं. पिवळ्या पाच पाकळ्या, मधोमध सारे केसर चिकटून एक नळी झालेली... जल्मभर कपाशीत पाह्यली तशीच.

"बाई, कपाशीच्या घरचं हाय," मी मोठ्यानं म्हटलं.

अन् थांबलो. बरोबर असलं की ती घरातून नुसतं 'हं' म्हणे.