आई सांगत होत्या, मी लिहीत होते

मेधाताईंचा फोन आला तेव्हा मी इथे न्यूझीलंडात, आमच्या रोटोटुना उपनगरातल्या सुपरमार्केटबाहेर गाडीच्या डिकीत पिशव्या ठेवत होते. मेधाताई म्हणजे माझ्या नणंदबाई, पुण्यात असतात. "अश्विनी, आई गेली गं..." एवढंच म्हणाल्या. मी घरी येऊन दूध फ्रिजमध्ये ठेवलं, नवऱ्याला, निखिलला, ऑफिसातून बोलावलं आणि तो पोचेपर्यंत विमानाची तिकिटं, आम्हा दोघांची रजा, लेकीच्या, इराच्या, शाळेला ईमेल, शेजारी किल्ली, सगळं मार्गी लावलं. मला हे जमतं, आणि घरात त्याचं कौतुकही होतं. पण पुण्यात तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका बाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि तो काही मला मार्गी लावता आला नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नर्स होत्या; या बाई त्यांच्याच हॉस्पिटलातल्या जुन्या सहकारी. सगळ्यांशी बोलून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "न्यूझीलंडची सून म्हणजे तुम्हीच ना? मालतीबाईंची सिनेमा-सिरीजवरची मतं लिहून ठेवणाऱ्या? ती वही आणलीत का हो?" मी म्हटलं, "घाईत राहिली." परत येऊन आता सात आठवडे झाले. तशी वही घरी राहिलेली नाही, ती कधी नव्हतीच, हे कुठेतरी सांगायला हवं म्हणून लिहिते आहे.

सासरे गेल्यानंतर आई आमच्याकडे सहा महिने राहायला आल्या. आम्ही दोघं कामावर, इरा शाळेत. रोटोटुनात भर दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, तिथे पुण्याहून आलेल्या बाईने करायचं काय? निखिलने त्यांना टीव्ही लावून दिला, मी बघण्यासारख्या हिंदी सिनेमा-सिरीजची यादी करून फ्रिजवर लावली. आई ती यादी ड्यूटी लावल्यासारखी पाळायच्या. इरा शाळेतून आली की तीही शेजारी येऊन बसायची. आणि साडेपाचला मी घरात शिरले की स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी आईंचं बोलणं सुरू व्हायचं. गोष्ट काय होती हे त्या क्वचितच सांगायच्या. मत सांगायच्या. "एवढा कोमात गेलेला माणूस, रोज दाढी कोण करतं गं त्याची? आमच्या वॉर्डात तर नातेवाइकांच्या हातापाया पडावं लागायचं." किंवा, "त्या पोलिसीणबाईने आठ भागांत एकदाही डबा उघडला नाही. अशीला खुनी काय सापडणार, चक्कर येऊन पडेल ती." एका सिनेमात इथल्याच बर्फाच्या डोंगरावर गाणं होतं. आम्ही त्यांना बर्फ दाखवायला नेऊन आणल्यानंतरचा तो आठवडा. "बिचारी त्या पातळ साडीत! आणि तो बघ, कोट घालून प्रेम करतोय."

आज हे लिहिताना मला हसू येतं. तेव्हा मी ऐकतच नव्हते. ती माझी आठवड्याच्या याद्या करायची वेळ होती. एका संध्याकाळी मी त्यांच्यासमोर वहीत लिहीत बसले होते आणि त्या बोलता बोलता थांबल्या. "अगं, लिहून घेतेयस की काय?" त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की... मी म्हटलं, "हो आई, बोला तुम्ही." मी लिहीत होते: कोथिंबीर, इराचे पोहण्याचे कपडे, गाडीची तपासणी. दुसऱ्या दिवसापासून त्या बोलायला बसण्याआधी चष्मा पुसायच्या. हळू बोलायच्या, वाक्य संपलं की माझं पेन थांबेपर्यंत थांबायच्या. कधी म्हणायच्या, "ते आधीचं खोड, मी जरा जास्तच बोलले त्या मुलीला." मी मान हलवून काहीतरी खोडायचे. दोन-अडीच महिने हे चाललं. मला वाटायचं, यात कुणाचं काय बिघडतंय? त्यांचं मन रमतंय, माझं काम होतंय. एका वेळेत दोन गोष्टी, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकीही दिली होती.

मग एका शनिवारी दुपारी आमच्याकडे जेवायला चार मराठी कुटुंबं आली. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला, नेहमीचं आपलं. जेवणं झाल्यावर कुणीतरी एका गाजलेल्या सिरीजचा विषय काढला आणि निखिलचा मित्र प्रशांत म्हणाला, "काकू, तुम्ही बघितलीत का?" आई खुर्चीत सरसावून बसल्या. "बघितली तर! पण मी कशाला सांगू? अश्विनीने सगळं लिहून ठेवलंय. अश्विनी, वही आण गं, वाच." मी विषय बदलायचा प्रयत्न केला. मंडळी ऐकेनात. "अहो वहिनी, लाजता काय, आणा की!" मी वही आणली. पानावर तेल, तांदूळ, डेंटिस्ट. खरं सांगायची तेव्हा संधी होती. मी ती यादी नजरेसमोर धरली आणि वाचल्यासारखं केलं, "कथानक वेगवान आहे. कलाकारांचा अभिनय उत्तम. शेवट थोडा लांबला असला तरी एकदा पाहायला हरकत नाही."

आई माझ्याकडे बघत होत्या. त्या बाईने आयुष्यात कधी 'कथानक' म्हटलं नव्हतं. त्या सिरीजबद्दल त्यांनी मला दोन संध्याकाळी काय काय सांगितलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य मला आठवत नव्हतं. प्रशांत म्हणाला, "वा काकू, तुम्ही तर पेपरात परीक्षण लिहा!" आई हसल्या. म्हणाल्या, "छे रे, मी आपली काहीबाही बडबडते. ती नीट करून लिहिते." आणि उठून सगळ्यांना ताक विचारायला गेल्या.

त्यानंतर त्या मला काही सांगेनाशा झाल्या. अबोला नव्हता. मी साडेपाचला आले की चहा तयार असायचा. मीच विचारायचे, "आज काय बघितलंत?" त्या नाव सांगायच्या आणि म्हणायच्या, "बरी आहे." मी वहीत लिहिलं, 'आईंशी बोलणे'. शुक्रवारपर्यंत न झालेली कामं पुढच्या पानावर घ्यायची, ही माझी पद्धत. ते काम पाच पानं पुढे गेलं. सहाव्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान होतं. मी त्यांची औषधं, व्हीलचेअर, पासपोर्ट तीन-तीनदा तपासलं. विमानतळावर आत जाण्याआधी त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुला किती कामं असतात, बघत होते ना मी." मी म्हटलं, "आई..." तेवढ्यात व्हीलचेअरवाला आला. आणि मी त्याला त्यांचं तिकीट दाखवायला लागले.

तिकडे गेल्यावर त्या पाच महिने जगल्या. तेवढ्या काळात फोनवरही मी तो विषय काढला नाही. आणि त्या मात्र आपल्या मैत्रिणींना सांगत राहिल्या, सून माझी मतं लिहून ठेवते. त्यांना ठाऊक होतं, मी लिहिलेलं नाही. तरी लोकांसमोर त्यांनी मला उघडं पाडलं नाही, शेवटपर्यंत.

गेल्या रविवारी सकाळी मी कोरी वही घेऊन बसले. आठवून आठवून नऊ ओळी झाल्या. मग इराला विचारलं, आजी काय काय म्हणायची, आठवतं का तुला? इरा तेरा वर्षांची आहे, मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. "हीप्स," म्हणजे ढीगभर, ती म्हणाली आणि समोर बसून सांगायला लागली. एका सिरीजमध्ये दुष्ट सासू होती, तिच्याबद्दल आजी काय म्हणाली ते तिने सांगितलं. मी लिहिलं. "रीड इट बॅक," इरा म्हणाली. मी वाचलं, "सासूच्या व्यक्तिरेखेला पुरेसा न्याय मिळालेला नाही."

"नो, मम. आजी डिडंट से दॅट."

"मग कसं म्हणाली?"

इरा सरसावून बसली. मग तिच्या मोडक्या मराठीत, पण हेल अगदी आजीचा... "सासू वाईट, सासू वाईट. पण तिच्याशी कोणी बसून बोललं का गं? एकदा तरी?"

मी माझी ओळ खोडली आणि हे तसंच्या तसं लिहिलं. इराला देवनागरी नीट वाचता येत नाही. तरी ती टेबलावर वाकून, माझ्या पेनाबरोबर अक्षर अन् अक्षर लावून बघत होती.