डिव्हिजनच्या इतिहासातले खेचरवाले

शाळेतून निवृत्त होऊन मी कुसगावला राहायला आले, त्याच वर्षी कान्ह्याचे एक आबा माझ्याकडे इंग्रजी पुस्तक घेऊन आले. वय ऐंशीच्या पुढचं. त्यांच्या नातीला मी इंग्रजी शिकवलं होतं, एवढीच ओळख. पुस्तक धोतराच्या फडक्यात बांधलेलं. दुसऱ्या महायुद्धात आबांचे वडील ज्या पायदळ डिव्हिजनबरोबर इटलीत होते, तिचा तो इतिहास. वडील खेचरांच्या कंपनीत होते. गाडी जात नाही अशा डोंगरावर शिधा आणि दारूगोळा पोचवायचं त्यांचं काम. युद्धानंतर कोणा साहेबाने हे पुस्तक पाठवलं. वडिलांना वाचता येत नव्हतं. घरात दसऱ्याला त्याची पूजा व्हायची, उघडलं मात्र कुणीच नव्हतं.

“बाई, माजा बाप ह्यात कुटं हाय, तेवढं बगून सांगा,” आबा म्हणाले.

मला वाटलं, तासाभराचं काम. लागले दोन महिने. दर गुरुवारी दुपारी ते यायचे, मी वाचून मराठीत सांगायचे. पुस्तकात सगळे बडे अधिकारी. कोणाला कुठलं पदक मिळालं, कुठल्या ब्रिगेडने कोणती टेकडी घेतली. आबांना डुलकी लागायची. मग मी पुस्तक मिटून त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं, की ते खडबडून जागे व्हायचे. वडिलांचं एक खेचर तोफेला भ्यायचं नाही, पण चर्चच्या घंटेला बुजायचं. एका इटालियन म्हातारीने त्यांना ताटभर शेवया दिल्या. त्यांनी खुणेने गूळ मागितला, तर तिने वर टोमॅटोचा रस्सा ओतला. भुकेपोटी त्यांनी खाल्लं, आणि गावी आल्यावर जन्मभर बायकोकडे तसल्याच शेवया मागत राहिले.

सातव्या गुरुवारी मी एका परिच्छेदाशी थांबले. पुराने नदीवरचा पूल वाहून गेला होता, खेचरं चिखलात पोटापर्यंत रुतली होती, आणि पलीकडच्या टेकडीवरच्या पलटणीचा शिधा संपला होता. तेव्हा हिंदुस्थानी खेचरवाल्यांनी ओझी स्वतःच्या पाठीवर घेतली आणि दोर धरून नदी ओलांडली. नाव एकाचंही नव्हतं, फक्त कंपनीचा नंबर.

आबांनी त्या पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “ह्यो त्योच.”

खात्री झाल्याशिवाय मी हो म्हणेना. अशा कंपन्या बऱ्याच असतील, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. ते रागावले नाहीत. पुढच्या गुरुवारी वडिलांची फौजेतून सुटल्याची कागदपत्रं घेऊन आले. शाई विटलेली. भिंगाखाली आम्ही एकेक आकडा ताडून पाहिला. सगळे जुळले.

“म्हातारा पाटदुकीनं लय कन्हायचा,” आबा चष्मा पुसत म्हणाले. “आमी म्हनायचो, सोंग करतोय.”

मी आत जाऊन चहा ठेवला.

सव्वीस जानेवारीला कान्ह्याच्या शाळेत आबांनी तो परिच्छेद माइकवरून वाचला. मी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिला होता. शेवटी कागद खिशात घालून त्यांनी शेवयांची गोष्टही इतिहासाचाच भाग असल्यासारखी सांगून टाकली. मुलं हसून लोळली. बाजूच्या शिक्षकांनी हे पुस्तकात आहे का असं विचारलं, तर मी खुशाल हो म्हटलं.

निघताना सोमाटण्याच्या एका मावशींनी मला गाठलं. त्यांचे सासरेही फौजेत होते आणि त्यांची पत्र्याची पेटी कुणी उघडलीच नव्हती. मी त्यांना सवडीने या म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सुनेला घेऊन, पेटीसकट रिक्षाने दारात हजर.