लाज वाटते : नेहमी

"आधी अंगठा लावून टाक," बाई म्हणाल्या आणि फॉर्म आणि शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. लिहिता येतं का, विचारलंही नाही. पायात स्लीपर, मांडीवर मान टाकलेली पोर. एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. मी सातवी पास. तरी अंगठा लावला. पोरीचा तास बुडायला नको म्हणून लावला. चुकलंच माझं.

नव्वदच्या दशकाची अखेर. पोर सहा वर्षांची, पाय जन्मापासून ताठ. दर बुधवारी द्राक्षबागेच्या कामावर खाडा करून मी तिला निफाडहून एसटीने नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या केंद्रात आणायची. पायांचा व्यायाम घेणाऱ्या ताई आठवड्यातून तेवढा एकच तास यायच्या.

नेमक्या त्याच तासाला या बाई उगवल्या. अपंग मुलांच्या आयांचं मानसिक स्वास्थ्य तपासायला! आधी फॉर्म, मग व्यायाम, असं केंद्राच्या साहेबांनी फर्मावलं. आत ताई रिकाम्या बसलेल्या, बाहेर आम्ही आठ आया बाकावर. याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं.

"आयुष्य नकोसं वाटतं? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी?"

"सकाळी एसटीत नव्हतं वाटत. हितं बसल्यापासून वाटाया लागलं."

बाईंनी 'नेहमी'वर खूण केली. पुढचं तर विचारलंच नाही, खुणा करत सुटल्या. माझ्यादेखत साहेबांना म्हणाल्या, "यांचं सगळ्यांचं सारखंच असतं."

मी फॉर्म ओढून घेतला. शिक्षण : निरक्षर. मुलाची लाज वाटते : नेहमी. आणि खाली माझा अंगठा.

लाज? मी दमले होते, रडले होते, देवाला शिव्या घातल्या होत्या. पण पोरीची लाज मला एक दिवससुद्धा वाटली नाही. अंगाचा नुसता भडका उडाला. त्यांचंच पेन घेऊन अंगठ्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, हे खोटं आहे. पूर्ण नावानिशी सही केली.

"अहो, हे काय करताय? माझा अभ्यास आहे हा!"

"तुमचा अभ्यास. माझ्या पोरीचा तास."

साहेब ओरडले, "पुढच्या बुधवारी येऊ नका!" मी पोरीला उचलून आत ताईंकडे नेलं. वीस मिनिटं उरली होती, तेवढी घेतली.

पुढच्या बुधवारी मी गेले. साहेब दारात उभे होते. त्यांना ओलांडून गेले, आणि त्यानंतरचा एकही बुधवार सोडला नाही.

माझं मन कुणाला तपासायचं असेल, त्यानं आधी तिचे ताठ पाय हातात घ्यावेत, ताणावेत, ती किंचाळते ते ऐकावं. ते जमत नसेल तर चालू लागावं.