टचलाइनवरची आक्का

शेवटची भेट झाली तेव्हा आक्का नर्सला ऑफसाइड समजावून सांगत होती. सिंगापूरमधल्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये तिचा पलंग हॉलमध्ये आणून ठेवला होता. पलंगावरच्या ट्रेमध्ये औषधाच्या बाटल्या मांडलेल्या, गोळ्यांची पाकिटं म्हणजे डिफेन्स, आणि खोकल्याची मोठी बाटली पुढे एकटीच उभी. घरी येणारी फिलिपिनो नर्स हसून मान डोलवत होती, पण तिचं सगळं लक्ष आक्काच्या दंडाकडे. ते आक्काच्या लगेच ध्यानात आलं. "सी प्रॉपर्ली!" बालवाडीतल्या पोरांना दटावावं तशी ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "हिला ह्यातलं कायबी कळंना. पण सुई मात्र भारी टोचत्या बघ, दुखतच न्हाई." त्याच आठवड्यात आंग मो किओच्या ऑफिसात मीटिंगच्या मध्येच तिच्या यजमानांचा, विलासभाऊजींचा फोन आला. "मेघा, आक्का गेली. झोपेतच गेली." मग म्हणाले, "मॅच बघून झोपली होती. तिची टीम जिंकली म्हणून खुशीत होती..." कुठली टीम, ते मात्र त्यांना सांगता येईना. तिच्याबरोबर सगळं आयुष्य काढूनही भाऊजींना त्या खेळातलं काही कळत नसे, आणि त्याचं दोघांनाही कधी वाईट वाटलं नाही.

आक्का कोल्हापूरची. तिथे फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. तिचे दोन्ही थोरले भाऊ तालमीच्या टीममधून खेळायचे. हरून आले की घरात चूल पेटली तरी जेवायला कुणी बसत नसे. आक्काही गल्लीत पोरांबरोबर अनवाणी खेळायची. नववीत गेल्यावर वडिलांनी एक दिवस शांतपणे सांगितलं, की आता पुरे. ती गोष्ट सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसायची. "राग न्हाई गं आला. पण मॅच बघताना पाय नुसते सळसळायचे." पुढे लग्न झालं, भाऊजींना तुआसला नोकरी लागली म्हणून सिंगापूर झालं, इथे एका बालवाडीत तिने पुष्कळ वर्षं शिकवलं. मुलगा एकच, आणि तो नेमका बुद्धिबळातला. आता तो मेलबर्नला असतो. "माझ्या पोटचं पोरगं बसून खेळतंय," असं ती सगळ्यांना सांगायची आणि स्वतःच खदखदून हसायची.

आमची ओळख मैदानावरच झाली. माझी इरा तेव्हा अकरा वर्षांची होती, शनिवारी सकाळी बेडोकमधल्या एका मैदानावर मुलींच्या टीममध्ये खेळायला जायची. मी सावलीत लॅपटॉप उघडून बसायची, कारण तेवढ्या वेळात आठवड्याची राहिलेली कामं उरकायची. एका शनिवारी खणखणीत मराठी कानावर आलं, "आगं मागं बघ, मागं!" मी दचकून वर पाहिलं. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावर मोठी हॅट... मी ओळख करून घ्यायला गेले आणि इथे आई-बाप एकमेकांना विचारतात तेच विचारलं, "तुमची कुठली?" ती म्हणाली, "माझी कुठलीच न्हाई. मी आपला बघाय येतो." मी पुण्याची. कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' म्हणतात हे ऐकून माहीत होतं, पण प्रत्यक्ष ऐकून इतकं बरं वाटलं, की लॅपटॉप मिटला. पुढच्या शनिवारपासून तो पिशवीतच राहायला लागला.

इरा पुढे खेळायची, गोल करायला. समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तेच आवडायचं; त्यातच दिसायला काहीतरी होतं. आक्काने महिनाभर पाहिलं आणि सरळ कोच फरीदकडे गेली. फरीद शांत स्वभावाचा मलय माणूस, मुलींवर कधी न ओरडणारा. आक्काचं इंग्लिश बालवाडीचं, छोटंछोटं आणि हुकमी. "धिस गर्ल, नॉट फ्रंट. बॅक. शी इज सीइंग एव्हरीथिंग." फरीदने थोडा विचार केला आणि इथल्या सगळ्यांसारखं शेवटी 'लाह' जोडत म्हणाला, "आंटी, आय ऑल्सो थिंकिंग लाइक दॅट, लाह." त्या दिवसापासून इरा मागे गेली. घरी दोन दिवस फुरंगटून बसली आणि तिसऱ्या दिवशी जेवताना तिने आम्हाला चमचे मांडून दाखवलं, की मागून सगळं मैदान कसं दिसतं.

इरा सतरा वर्षांची झाली तेव्हा अमेरिकेला शिकायला जायचं आणि तिथल्या कॉलेजच्या टीममधून खेळायचं, असं तिच्या मनाने घेतलं. तिकडच्या कॉलेजांचे कोच अशा मुली शोधत असतात, पण ते शोधतात तिकडे. सिंगापूरच्या मैदानावरची एक डिफेंडर त्यांच्या नजरेला पडायची कशी? समीरने एका एजन्सीकडून व्हिडिओ करून घेतला. दणदणतं संगीत, इराच्या नावाभोवती ज्वाळा, आणि तिने कधीकाळी कॉर्नरवर डोक्याने मारलेले दोन-तीन गोल फिरून फिरून. तो बऱ्याच कोचना पाठवला. उत्तर एकाचंही आलं नाही. इरा रोज उठल्याउठल्या मेल बघायची आणि फोन पालथा घालायची. तिचं ते फोन पालथं घालणं मला बघवत नसे.

शेवटी तो व्हिडिओ मी आक्काला दाखवला. तिने तो दोनदा पाहिला. "गोल दिसत्यात. जाळ दिसतोय. पोरगी कुठं दिसत्या ह्यात?" मग म्हणाली, "थांब, मी काढतो." भाऊजींनी तुआसच्या वर्कशॉपमधले उरलेले अॅल्युमिनियमचे पाइप जोडून तिला उंच स्टँड करून दिला. त्याला खाली चाकं होती, ब्रेकसुद्धा होता. शनिवारी आक्का तो मैदानावर ढकलत आणायची तेव्हा सगळ्या मुली टाळ्या वाजवायच्या. कॅमेरा पूर्ण वेळ फक्त इरावर. चेंडू पलीकडच्या टोकाला असला तरी हिचा कॅमेरा इराला सोडायचा नाही. समीर कुजबुजला, "अहो आक्का, तिकडे गोल झाला, तुम्ही इकडेच!" आक्का कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली, "चेंडू सगळेच बघत्यात. चेंडू नसताना ही काय करत्या, ते कोचला बघायचं असतंय."

त्या मोसमातल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात इराने घात केला. गोलकीपरकडे मागे दिलेला पास इतका मऊ पडला, की समोरच्या मुलीने तो मधेच उचलला आणि गोल केला. आम्ही त्या एका गोलने हरलो. इरा घरी येईपर्यंत रडत होती. दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ जुळवायला आक्का आमच्या फ्लॅटवर आली. पोहे खाऊन झाले, बशा सिंकमध्ये गेल्या, आणि तिने जाहीर केलं, "तो पास ह्यात घालायचा."

"अहो आक्का, नोकरीच्या अर्जात कुणी स्वतःच्या चुका लिहितं का?" मी म्हटलं.

"त्याच्या फुडचं बघितलास काय तू? बघ की."

तिने पुढचं लावलं. गोल झाल्यावर इरा क्षणभर गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. मग उठली, आणि हात वर करून गोलकीपरकडे पुन्हा चेंडू मागितला. पुन्हा तोच. मिळाला, पुढे दिला, परत मागितला. नंतर डाव्या अंगाने सुटलेल्या मुलीला तिने असं गाठलं, की आम्ही सगळे तसेच बघत राहिलो. समीर तरीही म्हणाला, की हा जुगार आहे. आक्काचं म्हणणं, जुगार कसला, ही पोरगीच अशी आहे. आवाज चढले. इरा इतका वेळ सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसली होती. ती म्हणाली, "कीप इट लाह, बाबा. दॅट्स ऑल्सो मी."

मेलचा मजकूरही आक्काने सांगायला घेतला होता. सुरुवातच 'रिस्पेक्टेड सर' अशी. इराने हळूच सांगितलं, की आक्का, ही कोच बाई आहे. "आसं? मग तर ती बघंलच," म्हणून आक्काने माघार घेतली, आणि मेल इराने स्वतःच्या भाषेत लिहिला. काही ठिकाणांहून सभ्य नकार आले. नकारानेसुद्धा घरात जरा जीव आला, कारण निदान कुणीतरी पाहिलं होतं. आणि मग ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या कोचने व्हिडिओ कॉलची वेळ मागितली.

तो कॉल आमच्याकडे सकाळी होता, तिकडे संध्याकाळ. आम्ही सगळे कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर, भिंतीला पाठ लावून. आक्का शाळेतून रजा घेऊन आली होती. कोचने अभ्यासाचं विचारलं, त्या पासचंही विचारलं. इराने न अडखळता सांगितलं, की पासला जोर कमी पडला, आणि पुढचा चेंडू मागितला नसता तर रात्री झोप लागली नसती. मग कोच हसून म्हणाली, "एक विचारू? तुझ्या व्हिडिओत मागे सारखी एक बाई ओरडतेय. ती काय म्हणते?" आमच्या लक्षात आलं, की व्हिडिओतला आवाज बंद करायचाच राहून गेला होता! समीरने कपाळाला हात लावला. इरा वळली, "आक्का, कम." आक्का पदर सारखा करून समोर बसली आणि म्हणाली, "आय ॲम सेइंग, लुक बिहाइंड. शी इज ऑलरेडी लुकिंग. बट आय ॲम सेइंग." पलीकडून ती बाई इतकी मोकळी हसली, की माझ्या पाठीतला ताण तिथेच उतरला. पुढच्या आठवड्यात तिने पूर्ण सामने मागवले. त्यानंतरही अर्ज, परीक्षा, वाट बघणं हे सगळं झालंच, पण इराला त्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि टीममध्ये जागाही. ती बातमी सांगायला मी फोन केला तेव्हा आक्का म्हणाली, "तिकडं थंडी लई. पायमोजे दे भरपूर."

तिथे गेल्यावर इरा काही तारा वगैरे झाली नाही. पहिलं वर्ष बहुतेक बाकावरच गेलं. दर आठवड्याला आक्काला फोन असायचा. मला 'ऑल ओके, आई' एवढंच मिळायचं, तिथे मात्र तासभर चालायचं. दुसऱ्या वर्षी ती नियमित खेळायला लागली. इकडे आक्काकडे दुसऱ्या मुलींचे आई-बाप यायला लागले. ती सगळ्यांचं काढून द्यायची, पण खोटं बोलायची नाही. एका मुलीच्या वडिलांना तिने तोंडावर सांगितलं, की हिला खेळायला आवडतं, पण तिकडं जायची हौस तुम्हाला आहे. ते रागावून गेले. त्या मुलीने पुढे फिजिओथेरपीला प्रवेश घेतला, अजून शनिवारी खेळते, आणि आक्काच्या आजारपणात तिचे सुजलेले पाय चोळून द्यायला तीच यायची. त्या मुलींमधली मलय नूरुल अमेरिकेला गेली, चिनी शूयी गेली नाही. आक्काच्या बोलण्यात दोघींचा उल्लेख सारख्याच अभिमानाने यायचा.

आजार कळला तेव्हा तिने फार प्रश्न केले नाहीत. इरा सुटीत आली होती, ती रोज जाऊन बसायची. एकदा मी आत गेले तर दोघी एकमेकींशी भांडत होत्या, कुठल्याशा खेळाडूवरून. इरा परत जायला निघाली तेव्हा आक्काने तिला जवळ घेतलं नाही की डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "जा. मॅच हाय न्हवं तुझी?" इरा गेली आणि ती मॅच खेळली. आक्का गेल्याचं कळलं त्या दिवशी तिने फोनवर मला एवढंच सांगितलं, "आई, आय वॉज नॉट लेट फॉर एनिथिंग." मला त्यातून पुष्कळ शांत वाटलं. तिला आक्काला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

गेल्या शनिवारी मी मैदानावर गेले. इरा नाही, तरी जाते. सामना अर्ध्यावर असताना विजांचा इशारा देणारा भोंगा वाजला, आणि इथल्या नियमाप्रमाणे सगळ्या मुली धावत शेडखाली आल्या. बघते तर तिथे खुर्चीवर विलासभाऊजी! मांडीवर स्टीलचा मोठा डबा. असा खेळ थांबला, की आक्का मुलींना भडंग वाटायची. लसूण आणि कोल्हापुरी तिखट लावलेले चुरमुरे. भाऊजींनी कोल्हापूरला मेहुणीला फोन करून विचारलं होतं आणि स्वतः करून आणलं होतं. "मेघा, तिखट जरा जास्तच झालंय," ते ओशाळून म्हणाले. जरा नव्हे, जाळ झालं होतं. पण मुलींनी डब्याभोवती गर्दी केली, हू हू करत, नाकं पुसत, पाण्याच्या बाटल्या ओढाओढी करत खाल्लं. फरीदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कशाने, कोण जाणे. "अंकल, सो स्पायसी लाह!" एक छोटी मुलगी म्हणाली आणि तिने परत हात पुढे केला.

विजांचा धोका टळला, शिट्टी वाजली, मुली तिखटाचे हात शॉर्टला पुसत मैदानात पळाल्या. मला वाटलं, भाऊजी आता डबा घेऊन निघतील. ते बसून राहिले. बराच वेळ त्यांनी खेळाकडे टक लावून पाहिलं आणि मग मला अगदी हळू आवाजात विचारलं, "आपल्या कुठल्या रंगाच्या?"

"निळ्या," मी सांगितलं.

"बरं," ते म्हणाले, आणि खुर्ची शेडमधून उचलून बाहेर, रेषेच्या जवळ नेऊन ठेवली.