आपल्या गावचे लाडके फितूर

खऱ्या कोर्टात साक्षीची तारीख लागायच्या आधीच माझे वडील सिनेमात फितूर झाले. फितूर म्हणजे सरकारी बाजूनं उभा केलेला आणि ऐन वेळी शब्द फिरवणारा साक्षीदार. मी शिरूरच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे हा शब्द माझ्या कानांना नवा नाही. पण तो आमच्या घरात चहाबरोबर, कौतुकानं बोलला जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आधी खरी केस सांगते. न्हावऱ्यात आमचं कांद्याचं रान रस्त्याला लागून आहे. तिथं सणसवाडीच्या एका कारखान्याचा टेम्पो पंक्चर होऊन उभा होता आणि ड्रायव्हर चाक बदलत होता. भरधाव जीप आली, त्याला उडवून बाभळीवर जाऊन आदळली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा बांधावर होते. जीप चालवत होता आमच्याच गावातल्या मोठ्या घरचा मुलगा. पोलीस येईपर्यंत तो पसार झाला आणि त्या घरचा पगारी ड्रायव्हर ‘मीच चालवत होतो’ म्हणत हात जोडून उभा राहिला. मुलाला जीपमधून उतरताना एकट्या आप्पांनी पाहिलं होतं. त्यांनी पोलिसांना तसं सांगितलं, म्हणून तो मुलगा आरोपी झाला.

मेलेल्या ड्रायव्हरची बायको उत्तरेकडची. सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहायची, पॅकिंगच्या कामाला जायची. तिला मराठी फारसं समजत नव्हतं. गरज नसली तरी दर तारखेला खाडा करून ती शिरूरला यायची आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बसायची. आपल्या नवऱ्याला कुणी मारलं हे कोर्टात कुणीतरी मोठ्यानं सांगावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते सांगू शकणारा माणूस एकच होता.

अशात पुण्याची चार पोरं आमच्या भागात सिनेमा काढायला आली. खुनाचा खटला, शेवटपर्यंत धाकधूक, असा सगळा मसाला. कोर्टाचे प्रसंग तपासून द्यायला त्यांनी मला बोलावलं. न्हावऱ्यातल्या एका बंद मंगल कार्यालयात त्यांनी कोर्ट उभारलं होतं. न्यायाधीशांच्या टेबलावर हातोडा पाहून माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांत मी आपल्याकडच्या एकाही कोर्टात हातोडा पाहिलेला नाही, आणि तो आपटणारे न्यायाधीश तर नाहीच नाही. मी तो उचलून सुताराला परत देऊन टाकला. दिग्दर्शक दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

मग एक दिवस फितूर साक्षीदाराचं काम करणारा नट आलाच नाही. शूटिंग बघायला अर्धं गाव जमलं होतं, त्यात आप्पाही होते. दिग्दर्शकानं त्यांचा उन्हानं रापलेला चेहरा पाहिला आणि माझ्याकडं न बघता थेट त्यांनाच विचारलं.

मी आप्पांना बाजूला घेतलं. ‘‘आप्पा, तुमची साक्ष व्हायचीय अजून. हे नको.’’

‘‘अगं, सिनेमा हाय त्यो,’’ आप्पा म्हणाले. त्यांच्या अंगात तोवर नटाचा कोटही चढला होता.

वाक्य साधं होतं. ‘‘म्या काय बी पाह्यलं न्हाई साहेब. माझी पाठ हुती तिकडं.’’ सुरुवातीला आप्पांना ते जमेना. मान खाली जायची, जीभ अडखळायची. मला बरं वाटत होतं, खोटं त्यांच्या तोंडात बसत नाही म्हणून. दिग्दर्शक त्यांच्याजवळ जाऊन म्हणाला, ‘‘आप्पा, खोटं बोलायचंय असं समजूच नका. तुम्हाला फक्त घरी जायचंय.’’ पुढच्या टेकला आप्पांनी मानेवरून हात फिरवला, वकिलाच्या डोळ्यांत डोळे घातले आणि शांतपणे सांगितलं, माझी पाठ होती तिकडं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समोर माझा बाप होता आणि त्याचं मी खरं मानलं असतं.

सिनेमा लागला तो बेताचाच चालला. पुण्याच्या लोकांना संथ वाटला, शिरूरच्या लोकांना मारामारी कमी पडली. पण दौंडला दुपारच्या खेळाला आम्ही गेलो, तेव्हा आप्पांच्या प्रसंगाला रेल्वे कॉलनीतल्या पोरांनी शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. तेवढाच तुकडा सिनेमावाल्यांनी मोबाईलवर सोडला आणि तो गावोगाव फिरला. एसटी स्टँडवर, सोसायटीत, सलूनमध्ये लोक आप्पांना हाक मारू लागले, ‘‘काय फितूर आप्पा, च्या घ्या की!’’ आणि आप्पा घ्यायचे! जन्मभर या माणसाला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि माझं रक्त आटत चाललं.

साक्षीचं समन्स आलं त्याच आठवड्यात आप्पांचा सत्कार ठरला. सत्कार करणार होते मोठ्या घरचे आबा, म्हणजे आरोपीचे वडील. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर आप्पांचा हात जोडलेला फोटो आणि खाली ‘आपल्या गावचे लाडके फितूर’. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. आबांनी केसबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी फक्त भाषण केलं. ‘‘असा कलाकार आपल्या मातीत निपाजला, ही आपली पुण्याई. माझं आप्पांना येवढंच सांगणं हाय, कलाकारानं आपली भूमिका शेवटपतुर सोडू ने.’’ पुन्हा टाळ्या पडल्या. या भाषणाविरुद्ध कुठल्या कायद्यानं तक्रार करायची? मी खुर्चीत बसल्या बसल्या दात खात होते आणि आप्पा फेट्याचा शेमला सावरत होते.

घरी आल्यावर मी विचारलं, ‘‘तारखेला काय सांगणार आहात?’’

आप्पा शालीची घडी घालत होते. ‘‘तू वकील हाईस. साक्षीदाराला असं इचारायचं नसतं, तूच म्हन्ती.’’

खरं होतं ते. साक्षीदाराला पढवायचं नाही हे मीच दहा जणांना सांगत फिरते. पण मुलगी म्हणून त्या क्षणी ती शाल त्यांच्या हातातून हिसकावून चुलीत घालावीशी वाटत होती. मी रागानं जेवलेच नाही. आप्पा मात्र जेवले, आणि तारखेपर्यंत त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत.

त्या दिवशी कोर्टात गर्दी होती. आबा पुढच्या रांगेत, त्यांची माणसं मागं. बाहेरच्या बाकावर ती बाई दिसली नाही, पण सणसवाडीची बस उशिरा आली असेल म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. सगळा जीव पिंजऱ्यात उभ्या असलेल्या आप्पांत गोळा झाला होता. त्यांनी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी अपघाताचं विचारून घेतलं आणि मग प्रश्न टाकला, ‘‘जीप कोण चालवत होतं?’’

आप्पांनी मानेवरून हात फिरवला. अगदी तस्साच. मागून कुणीतरी खुसकन हसलं. गेलं सगळं, असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

‘‘ह्यो,’’ आप्पांचा आवाज आला. ‘‘ह्यो पांढऱ्या शर्टातला. ह्योच चालवत हुता. उतारला तवा त्याचा एक बूट निघाला हुता, त्यो घ्यायला माघारी वाकला. रस्त्यावर पडलेल्या मान्साकडं न्हाई वाकला.’’

टायपिंगचा आवाज तेवढा चालू राहिला. उलटतपासात आरोपीचे वकील सिनेमावर आलेच. ‘‘तुम्ही सिनेमात शपथ घेऊन खोटं बोललात?’’

‘‘व्हय.’’

‘‘म्हणजे तुम्हाला सवय आहे.’’

‘‘सवय न्हाई साहेब, लई टेक झालं,’’ आप्पा म्हणाले. न्यायाधीशांना हसू आवरायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावावा लागला. पुढं वकिलांनी तासभर घोळवलं, पण आप्पा हलले नाहीत.

बाहेर आल्यावर गावातल्या एकानंही ओळख दिली नाही. आबांची गाडी आमच्या अंगावर धुरळा उडवत गेली. मला त्याची फिकीर नव्हती. वडिलांच्या गळ्यात पडून रडावं इतका आनंद मला झाला होता. आप्पा मात्र रिकाम्या बाकाकडं पाहत होते.

‘‘ती कुठंय?’’

आम्ही तसेच सणसवाडीला गेलो. खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई दारात भांडी घासत होती. ‘‘वो तो कल ही गाँव चली गई,’’ ती म्हणाली, ‘‘दौंड से गाड़ी पकड़ी. बोली, अब रुक के क्या करना, बाबा ने तो कोर्ट में मना कर दिया.’’

‘‘कुणी सांगितलं तिला?’’ मी मराठीतच ओरडले.

बाईनं हात पुसून मोबाईल काढला आणि आमच्यापुढं धरला. पिंजऱ्यात आप्पा उभे, मानेवर हात, डोळ्यांत डोळे. बाईनं एकदा मोबाईलकडं पाहिलं, एकदा आप्पांकडं, आणि मग ती भांडी तशीच टाकून उंबऱ्याच्या आत सरकली.

आप्पांकडं ड्रायव्हरच्या बायकोचा नंबर होता. त्यांनी तिथंच उन्हात उभं राहून फोन लावला. पलीकडं गाडीचा खडखडाट, लहान पोराचं रडणं.

‘‘बेटी, मैंने आज सच बोला. कोर्ट में. वो लडकाच चला रहा था, ऐसा बोला.’’

‘‘वीडियो है मेरे पास, बाबूजी.’’

‘‘वो सिनेमा है बेटी. झूठा है वो.’’

‘‘जी,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. वडीलधाऱ्या माणसाला उलट बोलायचं नाही म्हणून म्हटलेलं ‘जी’ होतं ते. मग फोन बंद झाला.

मी दोनदा लावून पाहिला, तिनं उचलला नाही. आप्पांनी माझ्या हातातून फोन परत घेतला, नंबर पुन्हा काढला, पण बटण दाबेनात.

‘‘पोरी,’’ ते म्हणाले, ‘‘आता कसं म्हनू, म्हंजी तिला खरं वाटंल?’’

कोर्टाचे सगळे प्रसंग मीच तपासून दिले होते. मला एक वाक्य सुचलं नाही.