दहाव्या मजल्यावरचं वऱ्हाड

आमच्या मलकापूरचे हंबीरराव पलटणीतून हवालदार होऊन परतले, ते तिथली शिस्त बरोबर घेऊनच. अशा माणसाला पाचगणीत दहा मजली इमारतीच्या कामावर वॉचमन नेमणं हा मुंबईच्या शेटजींचा निव्वळ दुष्टपणा होता, असं माझं आजही मत आहे.

इमारतीतली खोली विकत घ्यायची, पण राहायचं वर्षातून एकच आठवडा. उरलेलं वर्ष इतर मालकांचं. गावात हे कुणालाच पटेना. सामाईक विहिरीची पाळी असते तसंच, असं हंबीररावांनी समजावलं. विहिरीत निदान पाणी तरी होतं.

फाटकावर पाटी होती : ‘उद्घाटन अक्षय्य तृतीया, १९७६.’ पाटीवर लिहिलं म्हणजे वरून हुकूम आला, ही हंबीररावांची पलटणीतली समजूत. त्यांनी लेक विजयमाला हिची सुपारी औंधाकडच्या नाथाजींच्या फौजी मुलाशी फोडली आणि चारचौघांत शब्द देऊन बसले, की त्याच मुहूर्तावर वऱ्हाड दहाव्या मजल्यावर जेवेल. शेटजींनीही हो म्हणून टाकलं. हो म्हणायला सिमेंट लागत नाही.

शहात्तरची अक्षय्य तृतीया आली तेव्हा नुसता पाया खणून झाला होता. रंगारी आला आणि सहाचा सात करून गेला. पुढच्या वर्षी खांब उभे राहिले, सिमेंटचं परमिट अडकलं, साताचा आठ झाला. त्या इमारतीवर नेमाने काम करणारा माणूस म्हणजे तो रंगारी. इकडे नवरदेव दर साली लग्नाची रजा काढून यायचा आणि जत्रेतल्या कुस्त्या बघून परत जायचा. हंबीररावांच्या बनुबाईंनी नवऱ्याशी अबोला धरला. विजयमालानं तर बायकांच्या कुजबुजीपायी पाणवठ्यावर जाणंच सोडलं. त्याचा मला फार संताप यायचा.

अठ्ठ्याहत्तरात नवरदेवाच्या पलटणीने कळवलं, की लग्नासाठी आता ही शेवटची रजा. नाथाजी स्वतः पाचगणीला आले. पाहतात तर एक स्लॅब आणि वर उन्हात तापलेल्या सळया. हंबीरराव फाटकाशी ताठ उभे होते. सोयरीक मोडणार, हे त्यांनी मनाशी धरलंच होतं.

“दहावा मजला कुठं हाय?” नाथाजींनी विचारलं.

हंबीररावांनी आभाळाकडं बोट केलं. “तितं. पर मी शब्द दिलाय, पावनं. त्यो कसा मोडू?”

नाथाजींनी वर बघितलं, मग सावकाश पाटी वाचली.

“आमच्या माळावर कालवा येनार म्हनून अशीच पाटी हाय,” ते म्हणाले. “माझ्या बाच्या लग्नाआदीची. त्यो थांबला असता तर माझा जलमच झाला नसता. चला, मांडव घाला.”

हंबीररावांना भरून आलं. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी असा सरळ हुकूम दिला नव्हता.

त्याच अक्षय्य तृतीयेला विजयमालाचं लग्न लागलं. वऱ्हाड त्या एकुलत्या स्लॅबवर पंगतीला बसलं. उरलेले मजले नाथाजींनी माफ केले. पाटीवरची तारीख पहिल्यांदाच पाळली गेली. रंगारीही जेवायला होता. दुसऱ्या दिवशी त्याला काम होतं.